दोन तिकिटांत भागतंय का?

आबा सातारा डेपोला कंडक्टर होते. तिकिटाचं मशिन यायच्या आधीचे दिवस. खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे, आणि ट्रेच्या कडेवर पंच आपटत टिकटिक करत ते सीटांच्या मधून सरकायचे. ट्रेमध्ये वेगवेगळ्या रकमेच्या तिकिटांचे गठ्ठे ओळीनं लावलेले: चाराण्याचं, आठाण्याचं, रुपयाचं, दोनचं, पाचचं. प्रत्येक भाड्याचं वेगळं तिकीट नसायचं. सात रुपये झाले तर पाचचं एक फाडायचं आणि दोनचं एक. साडेसात झाले तर वर आठाण्याचं. मेढ्याच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसली की आबांचा हिशेब एकच, कमीत कमी तिकिटं फाडून भाडं जुळलं पाहिजे. जितकी तिकिटं जास्त, तितका रात्री वे-बिल भरताना डोक्याला ताप. घरी मला बेरजा शिकवतानाही त्यांचा प्रश्न तोच असायचा, "दोन तिकिटांत भागतंय का बघ."

या दिवाळीत भाचा सुट्टीला आला होता. आठवीतला आहे. आबांच्या ट्रेच्या गोष्टी त्याला तोंडपाठ. त्यानं कंदी पेढ्यांचं रिकामं खोकं घेतलं, पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून त्यात खण पाडले आणि कागदाचे चौकोनी तुकडे कापून तिकिटं केली. रकमा मात्र फक्त मूळ संख्यांच्या: २, ३, ५, ७, ११, १३ अशा. शाळेत शंभरापर्यंतच्या पंचवीसच्या पंचवीस पाठ करून घेतल्या होत्या, त्या कुठेतरी वापरायच्या होत्या त्याला.

"मावशी, कुठलंही भाडं सांग."

मी २८ म्हटलं. त्यानं ५ आणि २३ फाडलं. ३६ म्हटलं, तर ५ आणि ३१. मग मुद्दाम २७ सांगितलं, आणि कंडक्टर अडला.

अडणारच. दोन संख्यांची बेरीज विषम यायची तर त्यांतली एक सम हवी, आणि मूळ संख्यांमध्ये सम अशी एकटी २. २७ मधून २ गेले की उरतात २५, म्हणजे पाचा पाचा. ती मूळ नाही. तीन तिकिटांची मुभा दिली तर लगेच सुटतं: ३, ५ आणि १९.

पेढ्याच्या खोक्यातून भाचा जिथे पोचला तिथे ख्रिस्तियन गोल्डबाख १७४२ च्या ७ जूनला पोचले होते. त्या दिवशी त्यांनी लेओनार्ड ऑयलर यांना पत्र लिहिलं. त्या काळी १ लाही मूळ धरायची रीत होती, म्हणून पत्रातली मांडणी आजच्याहून थोडी वेगळी आहे. आज आपण असं म्हणतो: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, आणि ५ पेक्षा मोठी प्रत्येक विषम संख्या तीन मूळ संख्यांची. पहिलं खरं ठरलं तर दुसरं आपोआप खरं, कारण विषम संख्येतून ३ काढले की सम उरते. ऑयलरनी उत्तर दिलं की हे प्रमेय मला अगदी खात्रीचं वाटतं, पण सिद्ध करता येत नाही. पावणेतीनशे वर्षं उलटून गेली, पहिल्या भागाबद्दल आपण अजून ऑयलरच्याच वाक्यावर आहोत.

खात्री मात्र वाढत गेली आहे. १० दोन प्रकारे मांडता येतात, १०० सहा प्रकारे, १,००० अठ्ठावीस, १०,००० एकशे सत्तावीस, आणि दहा लाख तब्बल ५,४०२ प्रकारे. भाडं वाढेल तसे जुळवायचे मार्ग वाढत जातात. ४ वर अठरा शून्यं, इथपर्यंतची प्रत्येक सम संख्या संगणकानं तपासून झाली आहे आणि एकही अडलेली नाही.

मग गणितज्ञांनी ट्रेमधले गठ्ठे काढून घ्यायला सुरुवात केली. सगळ्या मूळ संख्या वापरायच्या नाहीत, काही खास निवडलेल्याच वापरायच्या, आणि पाहायचं की भाडं तरीही जुळतं का. हा प्रश्न मला मूळ प्रश्नापेक्षा जास्त आवडतो. दोन तिकिटांवर सगळं कुठे अडून बसलंय आणि तीन तिकिटांवर गाडी का सुटते, ते यातून फार स्वच्छ दिसतं.

मी खोक्यातले कागद काढून घेतले आणि फक्त ७ नं संपणारे ठेवले: ७, १७, ३७, ४७, ६७, ९७. "आता दोन तिकिटांत ५० कर."

तो दोन मिनिटं खाली मान घालून बसला, मग वैतागला. कितीही तिकिटं छापली तरी होणार नाही. ७ आणि ७ चौदा, म्हणजे दोन तिकिटांची बेरीज कायम ४ नं संपणार. पन्नासचा प्रवासी या गाडीत बसूच शकत नाही. पण आता उलट बाजूनं बघा. ज्या भाड्याच्या शेवटी ४ आहे, त्यांचं काय? १४ म्हणजे ७ आणि ७. २४ म्हणजे ७ आणि १७. ३४ ला १७ दोनदा. ४४ ला ७ आणि ३७. ५४ ला ७ आणि ४७. ६४ ला १७ आणि ४७. ७४ ला ३७ दोनदा. ८४ ला ३७ आणि ४७. ९४ ला ४७ दोनदा. १०४ ला ७ आणि ९७. एकही चुकत नाही! ट्रेमधली जवळजवळ तीन चतुर्थांश तिकिटं मी काढून घेतली होती, कारण मूळ संख्या १, ३, ७ आणि ९ या चार शेवटांमध्ये लांबवर पाहिलं तर सारख्याच वाटल्या जातात. तरी अडचण तिकिटं कमी पडल्याची आली नाही. अडलं ते शेवटच्या अंकावर, म्हणजे १० नं भागल्यावर उरणाऱ्या बाकीवर.

बाकीची ही अडवणूक एकदा दिसली की सगळीकडे दिसायला लागते. ३ नं भागून बाकी १ उरते अशा मूळ संख्या घ्या: ७, १३, १९, ३१, ३७, ४३. यातल्या कुठल्याही तीन घ्या, बेरजेला ३ नं निःशेष भाग जाणार, कारण तीन बाक्या मिळून ३ होतात. लांबवर पाहिलं तर निम्म्या मूळ संख्या या खणात आहेत. रुपयातले आठ आणे हातात आहेत, आणि तरी ३ नं भाग न जाणाऱ्या सगळ्या संख्या, म्हणजे विषम संख्यांपैकी दोन तृतीयांश, तीन तिकिटांत कधीच होणार नाहीत.

तीन तिकिटांत भागतं हे सिद्ध कसं करतात, ते आता सांगते. यातली तांत्रिक कलाकुसर लेखात मावणारी नाही, पण युक्ती मावते.

बामणोलीच्या रस्त्याला पावसाळ्यात एकदा आमचं वडाप चिखलात रुतलं होतं. सगळे उतरले. आधी जो तो आपल्या हाताला येईल तिथून ढकलत होता, एक डावीकडून, एक उजवीकडून, एक आजोबा चक्क पुढून. जीप हलेना. मग ड्रायव्हर ओरडला, सगळे मागं या. सगळ्यांचा धक्का एका दिशेला लागला आणि जीप वर आली. माणसं तेवढीच होती.

मूळ संख्यांनाही असेच धक्के द्यायला लावतात. एक चाक घ्या आणि एक कोन ठरवा, समजा अर्धी फेरी. मूळ संख्या ७ असेल तर चाक अर्ध्या फेरीनं सात वेळा फिरवायचं आणि ते जिथे थांबेल त्या दिशेला एक धक्का द्यायचा. सात अर्ध्या फेऱ्या म्हणजे साडेतीन फेऱ्या, चाक बरोबर उलट बाजूला थांबणार. ११ ला साडेपाच, तेही उलट बाजूला. २ सोडली तर सगळ्या मूळ संख्या विषम, त्यामुळे सगळे धक्के एकाच बाजूला पडतात आणि जीप जोरात हलते. कोन एक तृतीयांश फेरीचा घेतला तर मूळ संख्यांचे दोन गट पडतात, बाकी १ वाल्या एका दिशेला आणि बाकी २ वाल्या दुसऱ्या. काही धक्के एकमेकांना मारतात, तरी निम्मा जोर उरतो. पाचव्या हिश्श्याच्या कोनात चार गट होतात आणि पाव जोर उरतो. या सगळ्या साध्यासुध्या अपूर्णांकांच्या कोनांवर चाकाला संख्या दिसतच नाही, दिसते ती फक्त तिची बाकी.

आणि कोन काहीतरी आडनिडा घेतला, कुठल्याच छोट्या अपूर्णांकाच्या जवळ नसलेला, तर? तर धक्के सगळ्या दिशांना विखुरतात आणि जीप जागची हलत नाही. हे पटतं लगेच, पण मूळ संख्यांच्या बाबतीत सिद्ध करणं महाकठीण होतं. ते इव्हान विनोग्रादोव यांनी १९३७ मध्ये केलं. पद्धतीची सुरुवात त्याच्याही आधीची, जी. एच. हार्डी आणि आपले श्रीनिवास रामानुजन यांची. १९१८ मध्ये एका संख्येचे बेरजेनं किती प्रकारे तुकडे पडतात हे मोजताना त्यांनी ती वापरली. हार्डी आणि लिटलवुड यांनी ती मूळ संख्यांकडे वळवली, पण त्यांना आडनिड्या कोनांसाठी एक न सिद्ध झालेलं गृहीतक उसनं घ्यावं लागलं होतं. विनोग्रादोव यांनी ते उसनं फेडलं. इंग्रजीत या पद्धतीला वर्तुळाचं नाव आहे. मी वर्गात तिला धक्क्याची पद्धत म्हणते.

सगळ्या कोनांवरचे धक्के एकत्र केले की भाडं किती प्रकारे जुळतं त्याचा आकडा निघतो. साध्या कोनांवरून येतो तो मुख्य हिस्सा, म्हणजेच बाक्यांचा हिशेब. आडनिड्या कोनांवरून येतो तो गोंगाट. गोंगाट मुख्य हिश्श्यापेक्षा लहान आहे हे दाखवता आलं की काम झालं, मार्गांचा आकडा शून्य असूच शकत नाही.

आता दोन आणि तीन यातला फरक. तीन तिकिटं असली की प्रत्येक कोनावर तीन धक्क्यांचा गुणाकार करायचा असतो. त्यातल्या दोघांचा एकत्रित हिशेब सरासरीनं लागतो, हे जुनंच साधन आहे आणि ते पक्कं आहे. उरलेल्या तिसऱ्याबद्दल विनोग्रादोव सांगतात की आडनिड्या कोनावर तो किरकोळच असणार. किरकोळाशी गुणलं की गोंगाट दबला. दोनच तिकिटं असली तर दोघेही त्या सरासरीच्या हिशेबातच खपतात. दाबायला तिसरा कुणी शिल्लक राहत नाही, आणि सरासरीतून निघणारा गोंगाट मुख्य हिश्श्याला गिळून बसतो. सम संख्यांचा गोल्डबाख या एका जागी ठप्प आहे. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा मला जरा रागच आला होता. इतकी वर्षं, इतकी हुशार माणसं, आणि अडलंय ते एक माणूस कमी पडतो म्हणून!

विनोग्रादोव यांच्या प्रमेयात एक मेख होती. ते "पुरेशा मोठ्या" विषम संख्यांबद्दल होतं. पुरेशी मोठी म्हणजे केवढी, याचं १९५६ मध्ये त्यांचेच शिष्य बोरोझ्दकिन यांनी काढलेलं उत्तर ४० लाखांहून जास्त अंकी होतं. संख्या ४० लाखांची नव्हे, तिच्यात अंकच ४० लाख. तिच्याखालच्या सगळ्या तपासणं कुठल्याच संगणकाच्या आवाक्यातलं नाही. २००२ मध्ये ती १,३४७ अंकांवर आली. २०१३ मध्ये हाराल्ड हेल्फगॉट यांनी ती १ वर सत्तावीस शून्यांपर्यंत खाली ओढली आणि तिथपर्यंतचं काम संगणकानं उरकलेलं होतं. म्हणजे ५ पेक्षा मोठी कुठलीही विषम संख्या सांगा, तीन तिकिटांत भागतं. दोन तिकिटांच्या बाजूला सगळ्यात जवळ पोचले ते चीनचे चेन जिंगरून. १९७३ मध्ये त्यांनी दाखवलं की प्रत्येक पुरेशी मोठी सम संख्या म्हणजे एक मूळ संख्या अधिक अशी एक संख्या, जी स्वतः मूळ असते किंवा दोनच मूळ संख्यांचा गुणाकार असते.

आता खोक्याकडे परत येऊ. समजा कुणीतरी तुमच्या ट्रेमधली तिकिटं आपल्या मर्जीनं काढून घेतली. कुठली काढली ते तुम्हाला सांगितलं नाही, फक्त किती हिस्सा ठेवला तेवढं सांगितलं. रुपयात किती आणे ठेवले असतील तर तीन तिकिटांत प्रत्येक मोठं विषम भाडं जुळेलच, अशी हमी देता येईल? आठ आण्यांवर हमी नाही, ते वर पाहिलं. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, आठ आण्यांच्या जरा वर गेलं की झालं. बरोबर उत्तर आहे दहा आणे. शुआनचेंग शाओ यांनी २०१४ मध्ये सिद्ध केलं की लांबवर पाहता मूळ संख्यांपैकी पाच अष्टमांशाहून जास्त हातात असतील, तर त्या कुठल्याही असोत, प्रत्येक पुरेशी मोठी विषम संख्या त्यातल्या तिघींची बेरीज असते.

पाच अष्टमांश हा आकडा कुठून आला? तो १५ मधून आला, आणि हे हातानं करून बघण्यासारखं आहे. ३ आणि ५ सोडल्या तर मूळ संख्येला १५ नं भागून बाकी येते ती आठांपैकी एक: १, २, ४, ७, ८, ११, १३ किंवा १४. भाच्यानं खोक्यात आठ खण केले. त्यातले ८, ११ आणि १४ हे तीन खण मी झाकून टाकले. राहिले १, २, ४, ७ आणि १३, म्हणजे आठांतले पाच खण, बरोबर दहा आणे. "आता तीन तिकिटांत ५९ कर."

५९ ला १५ नं भागलं की बाकी १४. म्हणजे तीन बाक्यांची बेरीज १४ किंवा २९ यायला हवी. १३ तीनदा घेतले तरी ३९ च होतात, म्हणून ४४ चा प्रश्नच नाही. आधी १४ पाहू. १३ घेतले तर उरला १, तो दोन तिकिटांत होत नाही. ७ घेतले तर उरले ७, आणि १ ला जोड हवा ६ चा, २ ला ५ चा, ४ ला ३ चा. यातला एकही खण नाही. १३ आणि ७ दोन्ही नकोत म्हटलं तर चार चार चार बारा, १४ पर्यंत पोचतच नाही. आता २९. १३ शिवाय गेलो तर सात त्रिक एकवीस, कमी पडतं. एक १३ घेतला तर उरले १६, त्यांना १३ बरोबर ३ हवा, ७ बरोबर ९, ४ बरोबर १२, २ बरोबर १४, १ बरोबर १५. सगळे खण बंद. संपलं! झाकलेले खण उघडले की लगेच ११, १९ आणि २९ मिळून ५९ होतात, पण ११ आणि २९ नेमके झाकलेल्यांतले. आणि हे ५९ पुरतं नाही. २९, ५९, ८९, ११९ असं तीसतीसनं पुढे कितीही जा, हा प्रवासी दहा आण्यांच्या ट्रेमध्ये कधीच भागणार नाही. दहा आण्यांच्या वर एक पैसा गेला की मात्र, पुरेसं लांब गेल्यावर, कुणीच अडत नाही.

शाओ यांच्या सिद्धतेमागे बेन ग्रीन यांनी रुळवलेली एक कल्पना आहे. मूळ संख्या विरळ असतात, हीच मोठी पंचाईत. दहा लाखांपर्यंत त्या ७८,४९८ आहेत, म्हणजे साधारण तेरात एक. एवढ्या विरळ गर्दीत बेरजेची साधनं नीट चालत नाहीत. म्हणून आधी चाळण मारायची. २, ३, ५ आणि ७ च्या पाढ्यातल्या संख्या काढून टाकल्या की दहा लाखांतल्या सव्वादोन लाखांच्या आसपास उरतात, आणि त्यांच्यात मूळ संख्या जवळजवळ तिनात एक. आणखी बारीक चाळण लावली की गर्दी आणखी दाट. दाट गर्दीत जे सिद्ध होतं ते उलट पावली मूळ संख्यांपर्यंत आणायचं. सातारच्या बाजारात पोत्यात तांदूळ किती, खडे किती हे बघायचं तर आधी सूप हातात घेतात, तसंच.

हिस्सा अगदी कमी असेल तर? इथे गंमत उलटी होते. एदुआर्ड विर्सिंग यांनी १९८६ मध्ये दाखवलं की मूळ संख्यांमधून इतका विरळ संच निवडता येतो की त्यात एखाद्या मर्यादेपर्यंत जेमतेम तिच्या घनमुळाच्या आसपास, थोड्या जास्तच, संख्या असतील, आणि तरी प्रत्येक मोठी विषम संख्या त्यातल्या तिघींत भागेल. घनमुळाच्या खाली जाताच येत नाही, कारण तीन-तीनच्या जोड्याच पुरेशा होणार नाहीत. म्हणजे नीट मिसळलेला चिमूटभर संच पुरतो, आणि वाईट निवडलेले दहा आणेही पुरत नाहीत. निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी करायची असते. चिठ्ठ्या कुठल्याच बाकीला झुकतं माप देत नाहीत.

अंकांवरून निवडलेले संचही आहेत. ज्यांच्यात एकही ७ नाही, किंवा एकही ३ नाही, अशा मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हे जेम्स मेनार्ड यांनी सिद्ध केलं. ० ते ९ मधला कुठलाही एक अंक वर्ज्य करा, चालतं. (२०२२ चं फील्ड्स पदक मिळालेले तेच हे.) एक अंक वर्ज्य केलेल्या अशा तीन मूळ संख्यांत प्रत्येक मोठी विषम संख्या भागते, हे जेम्स लेंग आणि मेहताब सॉनी यांनी २०२४ मध्ये दाखवलं, पण दहाच्या नव्हे, खूप मोठ्या पायाच्या अंकपद्धतीत.

भाच्याला यातलं फारसं रुचलं नाही. त्याला आवडल्या त्या जोडमूळ संख्या. ज्यांच्यात फक्त दोनचा फरक आहे त्या: ३ आणि ५, ११ आणि १३, १७ आणि १९, २९ आणि ३१. अशा जोड्या कधी संपतात का हेच अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही, त्यामुळे त्यांच्यावर प्रमेय उभारणं धाडसाचंच. काइसा मातोमाकी आणि शाओ यांनी २०१७ मध्ये जवळचा रस्ता घेतला. जिच्यात २ मिळवले की मूळ संख्या किंवा दोन मूळ संख्यांचा गुणाकार येतो, अशा मूळ संख्या त्यांनी घेतल्या. निष्कर्ष असा की ६ नं भागून ३ उरणारी प्रत्येक पुरेशी मोठी संख्या अशा तिघींची बेरीज असते. ६ नं भागून ३ च का? पुन्हा बाकी. २ मिळवल्यावर ३ नं भाग जायला नको, तर आधी बाकी २ हवी. तीन वेळा दोन म्हणजे सहा, म्हणजे बेरजेला ३ नं भाग जाणार.

दोन तिकिटांत, फक्त जोडमूळ संख्या वापरून, किती भागतं ते आम्ही बसून पाहिलं. ९२ पर्यंत कुठे अडलं नाही (४ सोडून, आणि २ तर सोडाच). ९४ ला अडलं. ९४ म्हणजे २३ आणि ७१, किंवा ४१ आणि ५३, किंवा ११ आणि ८३, किंवा ५ आणि ८९, किंवा ४७ दोनदा. प्रत्येक जोडीत एक तरी एकटी संख्या: २३, ५३, ८३, ८९, ४७ यांना जोडीदार नाही. मग ९६ अडलं. मग ९८ ही.

तीन सलग सम संख्या एकदम अडल्या तेव्हा त्याचे डोळे चमकले, आणि इथे मी त्याला कारण सांगून टाकलं, खरं तर सांगायला नको होतं. ३ आणि ५ ची जोडी सोडली तर प्रत्येक जोडीच्या मधोमध ६ च्या पाढ्यातली संख्या असते: १२ च्या दोन्ही बाजूंना ११ आणि १३. म्हणून जोडीची ओळख ६ च्या किती पट एवढ्यावर ठेवता येते. ५ आणि ७ ची ओळख १, ११ आणि १३ ची २, १७ आणि १९ ची ३, मग ५, ७, १०, १२, १७. दोन ओळखी मिळून १५ होत असतील, समजा ३ आणि १२, तर ६ गुणिले १५ म्हणजे ९० जमतात, आणि दोन्हीकडून धाकटी भावंडं घेतली की ८८, दोन्हीकडून थोरली घेतली की ९२. तीन भाडी एका दमात. आणि ओळखी जुळल्या नाहीत तर तिन्ही एकदम बुडतात. १६ करून बघा. १ ला १५ हवा, २ ला १४, ३ ला १३, ५ ला ११, ७ ला ९, १० ला ६, १२ ला ४. यातली एकही ओळख यादीत नाही, ८ सुद्धा नाही. ६ गुणिले १६ म्हणजे ९६, आणि त्याच्या दोन बाजूंना ९४ आणि ९८.

असे अडणारे आकडे आजवर अकरा सापडलेत. पहिला १६ आणि शेवटचा ७०१, म्हणजे ४,२०४, ४,२०६ आणि ४,२०८ ही तीन भाडी. त्याच्या पुढे संगणकानं भरपूर शोधूनही बारावा मिळालेला नाही. ४,२०८ नंतरची प्रत्येक सम संख्या दोन जोडमूळ संख्यांत भागते अशी अटकळ आहे. ती सिद्ध झाली तर गोल्डबाखही सुटेल आणि जोडमूळ संख्या अनंत आहेत हेही, तेव्हा कुणी घाईत नाही.

मधले नऊ मी त्याला सांगितले नाहीत. सुट्टी संपली, तो खोकं घेऊन गेला. परवा रात्री साडेनऊला त्याचा फोन.

"मावशी, ६७ पण अडतंय."

मी वहीच्या मागच्या पानावर ३३ पर्यंतच्या ओळखी लिहिल्या आणि एकेक करून वजा करत गेले. ६६, ६५, ६४, ६२, ६०, ५७, ५५, ५०, ४९, ४४, ४२, ३७, ३५, ३४. एकही जोडी नाही. म्हणजे ४००, ४०२ आणि ४०४.

"आबांना दे फोन," तो म्हणाला.